पाहुणा, परका आणि शत्रू : युरोपीय भाषांतील एका शब्दगटाचा अर्थप्रवास



अर्थपरिवर्तनाचे प्रकार आपण यापूर्वी अभ्यासले आहेत. अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थोत्कर्ष, अर्थापकर्ष ही नावे आणि त्यांचे एकेक उदाहरण लक्षात ठेवणे फारसे कठीण नाही. कठीण असते ते एखादा शब्द प्रत्यक्ष हाती घेऊन त्याचा प्रवास पुराव्यानिशी सांगणे. पाठ्यपुस्तकात येणारे उदाहरण आधीच निवडून, झाडूनपुसून ठेवलेले असते. भाषेच्या व्यवहारात मात्र एकाच मूळ शब्दाचा एका भाषेत उत्कर्ष झालेला दिसतो, दुसरीत अपकर्ष, आणि तिसरीत तो कोणत्याच चौकटीत बसत नाही. म्हणून येथे आपण प्रकारांची यादी बाजूला ठेवून युरोपीय भाषांतील शब्दांचा एकच गट बारकाईने पाहू. हा गट आहे परक्या माणसाला दिलेल्या नावांचा.

ही निवड सहेतुक आहे. घर, पाणी, हात यांसारख्या शब्दांचे अर्थ सहसा स्थिर राहतात, कारण त्या वस्तूंशी माणसाचे असलेले नाते फारसे बदलत नाही. परक्या माणसाचे तसे नाही. तो दारात उभा राहतो तेव्हा त्याला आत घ्यायचे की दार लावायचे, हे प्रत्येक समाजाला प्रत्येक काळात नव्याने ठरवावे लागते. त्या निर्णयांच्या खुणा शब्दांवर उमटतात. आपल्याकडेही पाहा : 'पाहुणा' म्हणजे घरी आलेला अतिथी, परंतु पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसालाही 'काय पाहुणं, कुठलं गाव?' असे विचारतात, आणि सोयरीक जुळल्यावर 'पाहुणे' म्हणजे नातेवाईक होतात. अनोळखी, अतिथी आणि आप्त असे तीन अर्थ एकाच शब्दात सुखाने नांदत आहेत. युरोपात याच अर्थक्षेत्रातील एका शब्दाचे काय झाले ते आता पाहू.

एक मूळ, दोन टोके

लॅटिन भाषेत 'होस्तिस' म्हणजे शत्रू, तोही खाजगी वैरी नव्हे, तर राज्याचा, रणांगणावरचा शत्रू. इंग्रजीतील 'हॉस्टाइल' हे विशेषण यावरूनच आले. दुसरीकडे इंग्रजी 'गेस्ट', जर्मन 'गास्ट' आणि रशियन 'गोस्त' या शब्दांचा अर्थ पाहुणा असा आहे. हे चारही शब्द मूळचे एकच आहेत.

हे विधान ऐकताच तुमच्या मनात शंका यायला हवी. 'होस्तिस' आणि 'गेस्ट' यांचे उच्चार फारसे मिळत नाहीत आणि अर्थ तर परस्परविरोधी आहेत. मग हे नाते कशाच्या आधारे सांगायचे?

१७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका समान उगमापासून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. पण ते एक तेजस्वी अनुमान होते. त्याला पद्धतीचा पाया मिळाला तो डेन्मार्कचे रास्मुस रास्क (१८१८) आणि जर्मनीचे याकोब ग्रिम (१८२२) यांच्या कार्यामुळे. त्यांनी दाखवून दिले की सगोत्र भाषांमधील ध्वनी वाटेल तसे बदललेले नसतात. एका भाषेतील विशिष्ट ध्वनीच्या जागी दुसऱ्या भाषेत नेमाने विशिष्ट ध्वनी येतो. मूळ भाषेतील 'घ'सारख्या महाप्राण ध्वनीचा लॅटिनमध्ये शब्दारंभी 'ह' होतो आणि जर्मानिक भाषांत 'ग' होतो. लॅटिन 'हेरी' (काल) आणि जर्मन 'गेस्टर्न' (काल) ही जोडी पाहा. संस्कृतातील 'ह्यस्' हा याच अर्थाचा शब्द त्यांचा भाऊ आहे. लॅटिन 'होमो' (माणूस) आणि जुन्या इंग्रजीतील 'गुमा' (माणूस) ही दुसरी जोडी. हा 'गुमा' आज इंग्रजीत स्वतंत्रपणे उरलेला नाही, परंतु 'ब्राइडग्रूम' म्हणजे नवरदेव या शब्दाच्या उत्तरार्धात 'ग्रूम' असे रूप घेऊन तो लपून बसला आहे. लॅटिन 'होर्तुस' (बाग) आणि जर्मन 'गार्टन' (बाग) हेही एका कुळातले. या रांगेत 'होस्तिस' आणि 'गास्ट' ठेवून पाहा. ध्वनींचा हिशेब जुळतो. उच्चारातील जो फरक सुरुवातीला अडचणीचा वाटला, तोच नात्याचा पुरावा ठरतो.

उलट बाजूही याच नियमाने समजते. जर्मन 'हाबेन' आणि लॅटिन 'हाबेरे' या दोन्ही क्रियापदांचा अर्थ 'जवळ असणे'. रूप सारखे, अर्थ सारखा. सामान्य वाचक यांना सख्खी भावंडे म्हणेल. पण लॅटिन 'ह'च्या जागी जर्मनमध्ये 'ग' यायला हवा, 'ह' नव्हे. जर्मन 'ह' ज्या जागी येतो तेथे लॅटिनमध्ये 'क' असतो : लॅटिन 'कोर्नू' आणि जर्मन 'हॉर्न' (शिंग), लॅटिन 'कानिस' आणि जर्मन 'हुंट' (कुत्रा). म्हणून 'हाबेन'चा खरा सगा आहे लॅटिन 'कापेरे', म्हणजे पकडणे. सारखेपणा हा येथे निव्वळ योगायोग. याहून जवळचे उदाहरण हवे असल्यास इंग्रजीतील 'बॅड' आणि फारसीतील 'बद' घ्या. फारसीतला हा 'बद' आपल्या 'बदनाम', 'बदमाश' यांत रोज भेटतो. उच्चार जवळपास तोच, अर्थही तोच. तरी दोघांचा एकमेकांशी कसलाही संबंध नाही. व्युत्पत्तीच्या अभ्यासात कानाला जे पटते त्यावर विसंबून राहता येत नाही, हे या एका जोडीवरून नीट ध्यानात येईल.

सिसेरोचे निरीक्षण

ध्वनींचा हिशेब जुळला, तरी अर्थाचा प्रश्न उरतोच. पाहुण्याचा शत्रू झाला की शत्रूचा पाहुणा? सुदैवाने येथे लिखित पुरावा उपलब्ध आहे. रोमचा सर्वांत जुना कायदा म्हणजे परंपरेने इ. स. पू. ४५० च्या सुमाराचे मानले जाणारे 'बारा पाट्यांचे' कायदे. त्यांच्या उरलेल्या अंशांत 'होस्तिस' हा शब्द शत्रू या अर्थाने येत नाही. रोमचा नागरिक नसलेला, परंतु ज्याच्याशी व्यवहार आणि खटलाही होऊ शकतो असा परदेशी माणूस, हा तेथील अर्थ आहे. पुढे इ. स. पू. ४४ मध्ये लिहिलेल्या 'दे ओफिकिईस' या ग्रंथात सिसेरो हेच सांगतो. आज ज्याला आपण परदेशी म्हणतो त्याला आपले पूर्वज 'होस्तिस' म्हणत, असे त्याचे निरीक्षण आहे. पूर्वजांनी शत्रूलाही सौम्य नावाने संबोधून युद्धाची कठोरता कमी केली, आणि काळाने मग तो शब्दच कठोर करून टाकला, अशी त्याची मीमांसा आहे.

निरीक्षण बरोबर, मीमांसा संशयास्पद, असे या ठिकाणी म्हणावे लागते. पूर्वजांच्या सौजन्याने अर्थ बदलतात ही कल्पना लोभस आहे, पण त्यासाठी दुसरा आधार नाही. फ्रेंच भाषावैज्ञानिक एमिल बाँव्हेनिस्त यांनी इंडो-युरोपीय संस्थांच्या शब्दसंग्रहावरील १९६९ च्या ग्रंथात अधिक पटणारे स्पष्टीकरण दिले. जुन्या लॅटिनमध्ये 'होस्तिरे' असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ भरपाई करणे, बरोबरी करणे. त्यावरून 'होस्तिस' म्हणजे ज्याच्याशी देवाणघेवाणीचे, परस्पर उपकाराचे बंधन आहे असा बाहेरचा माणूस. माणसामाणसांतील आणि कुळाकुळांतील असे करार जोवर जिवंत होते, तोवर हा शब्द सन्मानाचा होता. रोम एक बलाढ्य राज्य झाले, नागरिक आणि अनागरिक अशी एकच ठळक सीमारेषा उरली, तेव्हा ते करार निरर्थक झाले. रेषेच्या अलीकडचा तो आपला, पलीकडचा तो दुसरा. आणि राज्ये सतत लढत असल्यामुळे दुसरा म्हणजे शत्रू. शब्द तोच राहिला, त्याच्याभोवतीची समाजव्यवस्था बदलली.

जर्मानिक टोळ्यांत अशी राज्यव्यवस्था उभी राहिलेली नव्हती. चौथ्या शतकात वुल्फिला या धर्मगुरूने गॉथिक भाषेत केलेल्या बायबलच्या अनुवादात 'गास्तस' हा शब्द परक्या माणसासाठी वापरला आहे. ज्याला घरात घेणे हे पुण्यकर्म आहे असा तो परका. पुढे 'परका' ही छटा गळून 'पाहुणा' तेवढी उरली. स्लाव्ह प्रदेशात आणखी वेगळे घडले. तेथे बाहेरून येणारा माणूस प्रामुख्याने व्यापारी असे, म्हणून जुन्या रशियनमध्ये 'गोस्त' म्हणजे परमुलखात जाऊन-येऊन व्यापार करणारा मोठा सौदागर. सेंट पीटर्सबर्गमधील 'गोस्तिनी द्वोर' या नावाचा शब्दशः अर्थ 'पाहुण्यांचा वाडा' असा वाटेल. प्रत्यक्षात ती व्यापारपेठ आहे.

म्हणजे एकाच मूळ शब्दातून रोममध्ये शत्रू, जर्मन प्रदेशात पाहुणा आणि रशियात व्यापारी निघाला. यांतला 'खरा' अर्थ कोणता, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. व्युत्पत्तीला युरोपीय भाषांत जो शब्द आहे तो ग्रीक 'एतिमॉस' म्हणजे 'सत्य' यावरून आलेला असल्यामुळे मूळ अर्थ तोच खरा अर्थ, हा समज तेथे फार खोलवर रुजला. प्राचीन काळी त्यापायी अनेक गमतीही झाल्या. लॅटिनमध्ये 'लूकुस' म्हणजे देवराई आणि 'लूक्स' म्हणजे प्रकाश. देवराई तर अंधारी. मग तेथे प्रकाश नसतो म्हणूनच तिला हे नाव पडले, अशी उलटी व्युत्पत्ती त्या काळी सांगितली जाई आणि तिची टिंगलही होई. गंमतीचा भाग असा की दोन्ही शब्दांचे नाते खरे आहे; फक्त 'लूकुस'चा आरंभीचा अर्थ झाडी नसून झाडीतील मोकळी, उजेडाची जागा असा होता. संस्कृतातील 'लोक' हा शब्दही त्याच कुळातला. वैदिक भाषेत त्याचा अर्थ मोकळी जागा, मग जग, आणि आपल्या मराठीत 'लोक' म्हणजे माणसे. मराठी 'लोक' या शब्दाचा खरा अर्थ 'मोकळी जागा' आहे, असा आग्रह कोणी धरला तर आपण त्याला काय म्हणू?

यजमानाचा संसार

'होस्तिस' शत्रू झाल्यानंतर पाहुण्यासाठी लॅटिनमध्ये शब्द उरला तो 'होस्पेस'. हा त्याच मूळ शब्दाला 'पोतिस' म्हणजे स्वामी हे पद जोडून झालेला सामासिक शब्द असून त्याचा शब्दशः अर्थ पाहुण्यांचा धनी. पण पाहुणचाराचे नाते दुहेरी असल्यामुळे 'होस्पेस' यजमानही असे आणि पाहुणाही. फ्रेंचमधील 'ओत' हा त्याचा वंशज आजही दोन्ही अर्थांनी वापरतात. वाक्यात कोण कोणाला जेवू घालत आहे हे संदर्भावरूनच कळते. रुमानियन भाषेने तर दोन्ही भावंडे शेजारी जपली आहेत : 'होस्तिस'पासून 'ओआस्ते' म्हणजे सैन्य, आणि 'होस्पेस'पासून 'ओआस्पेते' म्हणजे पाहुणा.

'होस्पेस'वरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'होस्पिताले' हा शब्द रूढ झाला : यात्रेकरू, प्रवासी, निराधार यांना आसरा देणारे घर. ही घरे बहुधा मठांच्या आश्रयाने चालत आणि दमून-भागून येणाऱ्या यात्रेकरूंत आजारी माणसे असतच. त्यामुळे या एकाच शब्दाला पुढे अनेक फाटे फुटले. जेथे शुश्रूषा मुख्य झाली तेथे 'हॉस्पिटल', जेथे मुक्काम मुख्य झाला तेथे 'हॉस्टेल' आणि 'हॉटेल'. फ्रेंचमध्ये 'ओतेल'चा अर्थ सरदाराचा शहरातील वाडा असाही झाला, आणि 'ओतेल द व्हील' म्हणजे आजही नगरपालिकेची इमारत. तेथे खोली मागायला गेलेला प्रवासी हात हलवत परततो. पॅरिसमधील 'ओतेल-दिय' हे पुरातन रुग्णालय आहे. या शब्दांचा मराठीतील प्रवास तुम्ही स्वतःच जाणता. 'हॉटेलात चहा घेऊ' असे आपण म्हणतो तेव्हा मुक्कामाची कल्पना मनात नसते. टपरीवजा जागेलाही 'हॉटेल' म्हणायला आपण कचरत नाही. इंग्रजीच्या तुलनेत ही चूक नव्हे, तर त्याच अर्थप्रवासाचा पुढचा टप्पा होय.

'पोतिस' या उत्तरपदाकडेही क्षणभर पाहिले पाहिजे, कारण ते आपल्या ओळखीचे आहे. ते म्हणजे संस्कृतातील 'पति'. ग्रीकमध्ये 'देस्पोतेस' म्हणजे घरधनी. त्याचे तंतोतंत समांतर रूप ऋग्वेदात 'दंपति' असे आढळते. तेथे 'दम' म्हणजे घर आणि 'दंपति' म्हणजे गृहस्वामी. द्विवचनात घरधनी आणि घरधनीण असा अर्थ होई, आणि तोच मराठीत 'दांपत्य', 'दंपती' या रूपांनी स्थिरावला. ग्रीक शब्दाचा मार्ग निराळा. बाराव्या शतकात बायझंटाइन दरबारात 'देस्पोतेस' ही सर्वोच्च मानाच्या पदव्यांपैकी एक होती. ग्रीक चर्चमध्ये बिशपला आजही या शब्दाने संबोधतात. पश्चिम युरोपात मात्र अठराव्या शतकातील राजकीय लेखनातून 'डेस्पॉट' म्हणजे जुलमी सत्ताधीश असा अर्थ पक्का झाला. लग्नपत्रिकेतील दंपती आणि इतिहासाच्या पुस्तकातील जुलमी राजा यांचे घराणे एकच आहे.

दुसऱ्यांनी ठेवलेली नावे

आतापर्यंत आपण 'परका' या सामान्य कल्पनेसाठीचे शब्द पाहिले. आता परक्या लोकसमूहांच्या नावांकडे वळू. समूहांची नावे पुष्कळदा त्यांनी स्वतः घेतलेली नसतात. शेजाऱ्यांनी ठेवलेली असतात, आणि शेजाऱ्याला सर्वांत आधी खटकते ती भाषा. ग्रीकांना परभाषा 'बर्बर' अशी बडबड वाटे, म्हणून ग्रीक न बोलणारा तो 'बार्बारॉस'. आरंभी या शब्दात तिरस्कार असेलच असे नाही. इराणशी झालेल्या युद्धांनंतर तो चढत गेला. स्लाव्ह भाषांत जर्मन माणसाला 'नेमेत्स' म्हणतात, आणि तो शब्द 'मुका' या अर्थाच्या विशेषणावरून बनलेला आहे. ज्याला आपले बोलणे येत नाही तो मुकाच. पोलिशमध्ये जर्मनी या देशाचे नावच 'न्येम्त्सी' आहे. हे नाव पुढे अरबीतही गेले, आणि तेथे 'अन्-निम्सा' म्हणजे ऑस्ट्रिया.

जर्मानिक लोकांनी आपल्या शेजाऱ्यांसाठी 'वाल्ह' असा शब्द वापरला. त्याचा उगम बहुधा 'व्होल्काए' या केल्ट टोळीच्या नावात आहे. सीझरच्या लेखनात ती टोळी भेटते. एका टोळीचे नाव सगळ्या केल्टांना, मग रोमन साम्राज्यातील सगळ्या लॅटिनभाषकांना, आणि अखेर 'परका' या सर्वसामान्य अर्थाने लागू झाले. हा अर्थविस्तार नकाशावर पाहता येतो. ब्रिटनच्या पश्चिमेस 'वेल्स' आणि 'कॉर्नवॉल', बेल्जियममध्ये 'वालोनिया', रुमानियात 'वालाकिया'. पोलिशमध्ये 'व्वॉही' म्हणजे चक्क इटली. इंग्रजीत अक्रोडाला 'वॉलनट' म्हणतात, कारण ते परक्यांचे, दक्षिणेकडून आलेले फळ होते. 'वेल्श' लोकांची गोष्ट यांत विशेष बोचरी आहे. अँग्लो-सॅक्सन टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आल्या आणि जे आधीपासून तेथे राहत होते त्यांनाच त्यांनी 'परके' असे नाव दिले. वेल्श लोक स्वतःला 'कम्री' म्हणवतात. त्याचा मूळ अर्थ 'एकाच मुलखातले', म्हणजे आपलेच लोक.

नावाचा सामान्य शब्द होण्याची सर्वांत कठोर कथा 'स्लेव्ह' या शब्दाची आहे. स्लाव्ह लोक स्वतःला 'स्लोव्हेने' म्हणत. अनेक अभ्यासक त्याचा संबंध 'स्लोव्हो' म्हणजे शब्द, बोल याच्याशी जोडतात; मग 'नेमेत्स' मुके आणि आपण बोलणारे, अशी ती जोडी होते. बायझंटाइन ग्रीकांनी या नावाचे 'स्क्लाव्होस' असे रूप केले. मध्ययुगात पूर्व युरोपातील युद्धांत आणि धाडींत पकडलेली स्लाव्ह माणसे इतक्या मोठ्या प्रमाणावर विकली गेली की लॅटिनमधील 'स्क्लावुस' या लोकनामाचा अर्थच गुलाम असा झाला. जर्मन 'स्क्लावे', फ्रेंच 'एस्क्लाव्ह', इटालियन 'स्क्यावो', इंग्रजी 'स्लेव्ह' हे सर्व त्यातून निघाले. गुलामासाठी लॅटिनचा जुना शब्द 'सेर्वुस' हा फ्रेंचमध्ये 'सर्फ', म्हणजे जमिनीला जखडलेला कुळवाडी, एवढ्यापुरता संकुचित झाला.

या ठिकाणी दिशेविषयी सावध राहा. 'स्लाव्ह म्हणजे मुळात गुलाम' असे विधान अधूनमधून वाचनात येते. पुराव्याचा क्रम नेमका उलट आहे : आधी लोकांचे नाव, नंतर त्या लोकांवर झालेला अत्याचार, आणि त्या अत्याचारातून सामान्यनाम. क्रम उलटवला की एका लोकसमूहावर झालेल्या अन्यायाचा पुरावाच त्यांच्या कमीपणाचा पुरावा म्हणून वापरला जातो. व्युत्पत्तीचा असा दुरुपयोग अज्ञानातून होतो तसाच हेतुपुरस्सरही होतो. म्हणून कोणताही दावा तपासताना कोणता अर्थ कोणत्या शतकात प्रथम नोंदला गेला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि तरीही हाच शब्द व्हेनिसमध्ये एका वेगळ्याच वळणाला लागला. तेथे भेटीच्या वेळी 'मी आपला दास' अशा विनयाने 'स्च्यावो' म्हणण्याची रीत होती. उच्चार झिजत झिजत त्याचे 'चाव' झाले, आणि आज जगभर मित्रमैत्रिणी एकमेकांचा निरोप घेताना तो सहज उच्चारतात. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात 'सेर्व्हुस' म्हणून अभिवादन करतात. तेही मूळचे 'आपला दास'च. आपल्याकडील जुन्या पत्रव्यवहारातील 'आज्ञाधारक सेवक' आठवा. रोजच्या वापराने विनयाचे शब्द किती लवकर निव्वळ खुणेचे होतात, हे त्यावरून दिसेल.

फ्रँक ते फिरंगी

'स्लाव्ह' हे लोकनाम खाली घसरले, तर 'फ्रँक' वर चढले. फ्रँक ही जर्मानिक टोळी. पाचव्या-सहाव्या शतकांत तिने गॉल प्रांत जिंकला आणि त्या देशाला पुढे 'फ्रान्स' हे नाव मिळाले. जर्मनीतील 'फ्रांकफुर्ट' म्हणजे फ्रँकांचा नदीउतार. जिंकलेल्या प्रदेशात पूर्ण स्वातंत्र्य भोगणारे ते फ्रँकच, त्यामुळे 'फ्रांकुस' म्हणजे मोकळा, कोणाचा बांधील नसलेला. जो बांधील नाही तो मनातले बोलू शकतो. म्हणून इंग्रजी 'फ्रँक' म्हणजे स्पष्टवक्ता. 'फ्रँचाइझ' म्हणजे प्रथम स्वातंत्र्य, मग राजाने दिलेली सवलत, मग मताधिकार, आणि अखेर व्यापारी परवाना. क्रिकेटच्या बातम्यांतील 'फ्रँचाइझी' हा शब्द या वाटेने आला आहे.

पूर्वेकडे मात्र या नावाची दुसरीच वाटचाल झाली. अकराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या धर्मयुद्धांत पश्चिम युरोपातून आलेल्या सर्वच ख्रिस्ती सैनिकांना अरब 'फिरंज' म्हणू लागले. त्यांतले कोण फ्रेंच, कोण जर्मन, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. फारसीत याचे 'फरंग' झाले, आणि त्याच वाटेने 'फिरंगी' हा शब्द मराठीत आला. कोकण किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांची गाठ पडली ती पोर्तुगीजांशी, म्हणून मराठी कागदपत्रांत 'फिरंगी' म्हणजे प्रामुख्याने पोर्तुगीज. इंग्रजांना स्वतंत्रपणे 'इंग्रज' आणि एकूण युरोपीयांना 'टोपीकर' म्हणत. पोर्तुगीजांचा फ्रँक टोळीशी संबंध नगण्य, पण नावाला त्याचे सोयरसुतक नसते. युरोपीय पात्याच्या सरळ तलवारीला मराठ्यांनी 'फिरंग' म्हटले आणि ती अभिमानाने बाळगली. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात उपदंशासारख्या, फिरंग्यांमुळे आलेल्या व्याधीला 'फिरंग रोग' असे नाव आहे. तलवार स्वीकारण्याजोगी, रोग टाळण्याजोगा, आणि माणूस परका. एकाच शतकाच्या आगेमागे एकाच शब्दाचे हे तीन उपयोग.

सरावासाठी

१. लॅटिन 'देकेम' आणि इंग्रजी 'टेन' (दहा), लॅटिन 'दुओ' आणि इंग्रजी 'टू' (दोन), लॅटिन 'एदेरे' आणि इंग्रजी 'ईट' (खाणे) या जोड्या पाहून ध्वनिसंवादाचा नियम शोधा. या नियमाच्या आधारे लॅटिन 'दिएस' (दिवस) आणि इंग्रजी 'डे' (दिवस) हे शब्द सगोत्र असू शकतील का, ते कारणासह लिहा.

२. जर्मन 'त्साउन' (कुंपण), डच 'टाउन' (बाग) आणि इंग्रजी 'टाउन' (शहर) हे तीनही शब्द एकाच मुळापासून आले आहेत. यांपैकी कोणता अर्थ आधीचा असावा? जर्मन 'त्सेन' (दहा) आणि 'त्स्वाय' (दोन) यांची तुलना पहिल्या प्रश्नातील इंग्रजी शब्दांशी करा आणि ध्वनींच्या दृष्टीने हे नाते जुळते का, तेही तपासा.

३. 'पाहुणा', 'परदेशी' आणि 'फिरंगी' हे शब्द तुमच्या गावात किंवा घरात आज कोणासाठी आणि कोणत्या स्वरात वापरले जातात, याची नोंद करा. वाक्य, ते बोलणाऱ्याचे वय आणि प्रसंग या तिन्ही गोष्टी लिहून ठेवा.